दाढ काढायची आहे, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे

दातांच्या दवाखान्यात हल्ली एक वाक्य आम्हाला वरचेवर ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, दाढ काढायची म्हणून चार दिवसांपासून रक्त पातळ करायची गोळी बंद केली आहे." आपण तयारी करून आलो, असे समाधान सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. सोबत आलेला मुलगाही मान डोलावतो. गोळी बंद करायला कोणी सांगितले, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. शेजारच्या चाचांनी सांगितले, मेडिकलवाल्याने सांगितले, किंवा पूर्वी एकदा दात काढला तेव्हा असेच सांगितले होते. ज्या डॉक्टरांनी ती गोळी लिहून दिली, त्यांना मात्र कोणी विचारलेले नसते. "दाढेचाच तर प्रश्न आहे, त्यांना कशाला त्रास द्यायचा?"

प्रश्न दाढेचा आहे हे खरे, पण ती गोळी दाढेसाठी चालू नाही. ती हृदयासाठी आणि मेंदूसाठी चालू आहे. आज आपल्या घराघरांत कोणाला स्टेंट बसवलेला आहे, कोणाची हृदयाची झडप बदललेली आहे, कोणाला लकव्याचा झटका येऊन गेला आहे. अशा माणसाची दाढ काढायची वेळ आली की घरातले दोन गोष्टींना घाबरतात. गोळी चालू ठेवली तर रक्त थांबणार नाही, आणि बंद केली तर काही विपरीत होईल. यातली कोणती भीती मोठी मानायची आणि दाढेतले रक्त कसे आवरायचे, ते या महिन्यात पाहू.

रक्त खरोखर पातळ होते का?

"रक्त पातळ करणारी गोळी" हे नाव सोयीचे असले तरी फसवे आहे. या गोळ्यांनी रक्तात पाणी मिसळत नाही, रक्त कमीही होत नाही. फक्त रक्ताची गुठळी जमायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. दाढ काढल्यावर रक्त थांबते ते तीन टप्प्यांनी. आधी तुटलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग रक्तातल्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट, जखमेच्या तोंडाशी येऊन चिकटतात. शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाऊन पक्की गुठळी बसते. दोन तऱ्हेच्या गोळ्या यातल्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात.

पहिली तऱ्हा प्लेटलेटना चिकटू न देणाऱ्या गोळ्यांची. ॲस्पिरिन, जी बहुतेक घरांत इकोस्प्रिन नावाने ओळखली जाते, तसेच क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर. स्टेंट बसवल्यावर, ज्याला आपल्याकडे "स्प्रिंग टाकली" म्हणतात, यातल्या दोन गोळ्या बरेच महिने एकत्र घ्याव्या लागतात.

दुसरी तऱ्हा जाळे विणण्याचे काम मंद करणाऱ्या गोळ्यांची. यात जुन्या म्हणजे वॉरफेरिन आणि ॲसिट्रोम नावाने मिळणारी ॲसिनोकुमारॉल. कृत्रिम झडप बसवलेल्यांना या घ्याव्याच लागतात. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप खराब झालेल्या कितीतरी तरुण बायका आपल्याकडे या गोळ्यांवर आहेत. नव्या गोळ्या म्हणजे रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान आणि डॅबिगॅट्रान. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना आणि पायाच्या नसांत गुठळी झालेल्यांना या दिल्या जातात.

वॉरफेरिनबद्दल एक अफवा नेहमी कानावर येते, की "हे तर उंदीर मारायचे औषध आहे, जितके कमी घ्याल तितके बरे." यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गायी-बैल अंगातल्या अंगात रक्त वाहून मरू लागले. शिंगे कापण्यासारख्या किरकोळ जखमेनेही जनावर दगावत असे. त्यांना घातलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरसटलेला होता, हे नंतर कळले. १९३३ मध्ये एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षे खपून त्या चाऱ्यातला गुठळी रोखणारा पदार्थ वेगळा काढला. त्यावरून पुढे वॉरफेरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आले, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले, आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही तेच देण्यात आले. विष आणि औषध यांच्यात इथे फरक मात्रेचा आहे. मात्रा तपासून ठरवलेली असते, म्हणून ती आपल्या मनाने वाढवायची नाही आणि आपल्या मनाने तोडायचीही नाही.

गोळी बंद केल्याने काय होते?

स्टेंट ही धातूची जाळी असते. सुरुवातीच्या महिन्यांत शरीराने तिला अजून आपलेसे केलेले नसते. त्या काळात गोळ्या थांबल्या तर जाळीच्या आतच गुठळी होऊन नस एकदम बंद पडू शकते. तसे झाले तर मोठा झटका येतो आणि अनेकदा जीव जातो. याच कारणाने २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेसह इतर संस्थांनी मिळून जाहीर सूचना काढली, की स्टेंटनंतरच्या गोळ्या दातांच्या उपचारासाठी मध्येच थांबवू नयेत. कृत्रिम झडपेवर गुठळी झाली तर झडप अडकते. ठोके अनियमित असतील तर हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटून मेंदूत जाते आणि माणूस लकव्याने लुळा पडतो.

असे प्रत्यक्षात किती होते? अमेरिकन दंतवैद्य मायकेल वाल यांनी २००० साली त्याआधी प्रसिद्ध झालेल्या नोंदी एकत्र करून मांडल्या. दातांच्या उपचारासाठी ज्यांची या दुसऱ्या तऱ्हेची गोळी थांबवली गेली, अशा ५२६ रुग्णांपैकी ५ जणांना गुठळीचा गंभीर त्रास झाला आणि त्यातले ४ दगावले. उलट गोळी चालू ठेवून ९५० पेक्षा जास्त रुग्णांवर दातांचे २४०० हून अधिक उपचार झाले. त्यात जागेवरच्या उपायांनी रक्त आवरले नाही असे फक्त १२ निघाले.

पाचशेत पाच म्हणजे थोडेच की, असे कोणी म्हणेल. पण ते पाच जण कोणाचे तरी अब्बा, कोणाची तरी अम्मी होते, आणि कारण होते फक्त एक दाढ. दाढेच्या खळग्यातले रक्त डोळ्याला दिसते, त्यावर बोट ठेवता येते, बोळा दाबता येतो, टाका घालता येतो. मेंदूत अडकलेल्या गुठळीवर घरातला कोणी बोट ठेवू शकत नाही.

आपल्या मनाने दोन-तीन दिवस गोळी बंद करण्यात आणखी एक चूक आहे. ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्यभर टिकतो, म्हणजे ७ ते १० दिवस. काल गोळी बंद केल्याने आजच्या रक्तात फारसा फरक पडत नाही. वॉरफेरिनचा परिणाम उतरायलाही चार-पाच दिवस जातात, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो चढायलाही तितकेच दिवस लागतात. नव्या गोळ्यांचे उलटे आहे. त्यांचा परिणाम एक-दोन दिवसांतच उतरतो, म्हणून दोन दिवस गोळी चुकली की संरक्षणच संपते. कोणत्याही तऱ्हेची गोळी असो, मनाने केलेली बंदी कामाची नाही.

दाढ काढण्याआधी घरातल्यांनी काय करावे?

एक, दातांच्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटेच सोबत न्या. "लाल रंगाची बारीक गोळी" एवढ्यावर कोणालाही काही कळत नाही. आपल्याकडे अम्मी किंवा दादी कोणती गोळी घेतात, ते अनेकदा घरातल्या एकालाच माहीत असते, आणि नेमका तोच त्या दिवशी कामावर गेलेला असतो. म्हणून गोळीचे नाव, मात्रा, ती कशासाठी आहे, स्टेंट किंवा झडप कोणत्या महिन्यात बसवली आणि डॉक्टरांचा नंबर, एवढे एका कागदावर लिहून तो फाईलमध्ये ठेवा आणि त्याचा फोटो दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

दोन, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर आयएनआर नावाची रक्ततपासणी करून घ्या. ज्याला अशी गोळी नाही त्याचा हा आकडा १ च्या आसपास असतो. ठोके अनियमित असणाऱ्यांत तो साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात, काही कृत्रिम झडपांसाठी ३.५ पर्यंत. आकडा ४ च्या खाली असेल तर गोळी न थांबवता साधी दाढ काढता येते, हा आज बहुतेक ठिकाणी मान्य असलेला नियम आहे. तपासणी शक्यतो दाढ काढण्याच्या २४ तासांच्या आतली असावी. ज्यांचा आकडा अनेक महिने स्थिर आहे, त्यांना ७२ तासांपर्यंतची चालते. महिन्यापूर्वीचा रिपोर्ट दाखवून उपयोग नाही. आकडा ४ किंवा जास्त आला तर दाढ त्या दिवशी काढायची नाही. आधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून मात्रा बसवून घ्यायची.

तीन, नव्या गोळ्यांसाठी आयएनआर कामाचा नाही. एक ते तीन दात साधेपणाने काढायचे असतील तर त्या सहसा चालूच ठेवतात. हाड कापून अक्कलदाढ काढायची असेल किंवा एकाच वेळी जास्त दात काढायचे असतील, तर डॉक्टर त्या सकाळची मात्रा टाळायला किंवा उशिरा घ्यायला सांगू शकतात. हे कसे करायचे ते गोळीच्या नावावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांनीच सांगायचे आहे.

चार, वेळ सकाळची घ्या, आणि आठवड्याच्या सुरुवातीची. रक्त पुन्हा सुरू झाले तर ते बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. शनिवारी रात्री आठ वाजता दाढ काढली आणि रविवारी दवाखाना बंद, अशी वेळ घरावर आणू नका.

पाच, सगळे दात एकाच बैठकीत काढून टाका, असा आग्रह धरू नका. कवळी बसवायची घाई असली तरी गोळी घेणाऱ्याचे दात टप्प्याटप्प्याने काढणेच बरे.

सहा, मधुमेह, किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल, आधी कधी जखमेतून फार रक्त गेले असेल, तर न विचारता सांगा. कोणतीही युनानी किंवा आयुर्वेदिक दवा आणि लसणाच्या कॅप्सूल चालू असतील तर तेही सांगा. लसणाच्या कॅप्सूल रक्त थांबण्याच्या कामात आड येऊ शकतात. हिजामा करून घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगावर चिरा देऊन घेऊ नयेत. आणि कृत्रिम झडप असेल तर ती आहे हे ठासून सांगा. अशा माणसाला दाढ काढण्यापूर्वी अँटिबायोटिकची एक मात्रा द्यावी लागते, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात.

खुर्चीत बसल्यावर

डॉक्टर भूल देतात त्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा रक्तवाहिन्या आकसवणारे औषधही असते. म्हणून दाढ निघताना रक्त कमी दिसते आणि भूल उतरल्यावर थोडे वाढते. हे माहीत असले की घरी गेल्यावर घबराट होत नाही. दाढ निघाल्यावर गोळी घेणाऱ्याच्या खळग्यात सहसा विरघळणारा जिलेटिनचा स्पंज किंवा सेल्युलोजची खास जाळी ठेवतात आणि वरून टाके घालतात. टाके घातले म्हणजे काहीतरी बिघडले, असे समजू नका. ती आधीच घेतलेली काळजी आहे. मग कापडी गॉजचा बोळा ठेवून २० ते ३० मिनिटे दात घट्ट मिटायला सांगतात. रक्त थांबल्याचे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. बाहेर रिक्षा थांबली असली तरी अर्धा तास बसा.

आणखी एक औषध इथे फार कामाला येते, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर पती-पत्नीने शोधलेल्या या औषधाचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. तयार झालेली गुठळी विरघळण्यापासून ते वाचवते. लाळेत गुठळी विरघळवणारी द्रव्ये असतात, म्हणून तोंडात त्याचा विशेष उपयोग होतो. डॉक्टर गॉज त्यात भिजवून देतात, किंवा ५ टक्क्यांचे पाणी १० मिलिलिटर, दोन मिनिटे, दिवसातून चार वेळा असे दोन दिवस तोंडात धरायला सांगतात. ते नुसते धरायचे असते, खळखळवायचे नसते, आणि नंतर थुंकायचे नाही, ओठ उघडून बेसिनमध्ये सोडून द्यायचे. स्टेंट किंवा झडप असलेल्याने "रक्त थांबायची गोळी" दुकानातून आपल्या मनाने आणून गिळू नये. तसेच व्हिटॅमिन केचे इंजेक्शनही कोणाकडून टोचून घेऊ नये. जागेवर लावायचे औषध आणि अंगभर जाणारे औषध यांत मोठा फरक आहे.

घरी आल्यावर

पहिले २४ तास खळग्यातली गुठळी हीच औषधपट्टी आहे, ती हलू द्यायची नाही. चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, बोट किंवा जीभ लावून पाहायचे नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचे नाही. गरम चहा, गरम शोरबा, कडक आणि तिखट पदार्थ टाळायचे. गार किंवा कोमट, मऊ खाणे द्या. दहीभात, खीर, गार झालेली खिचडी चालते. विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, पान बंद. बायकांनी मिश्री बंद ठेवायची. जमले तर ती कायमचीच सोडा. खळग्यात हळद, तुरटी, कॉफीची पूड भरण्याचे उपाय करू नका. त्याने जखम घाण होते आणि डॉक्टरांना आत काय चालले आहे तेही दिसत नाही.

लाळेला गुलाबी रंग येणे, उशीवर दोन-चार डाग पडणे, हे पहिल्या दिवशी चालायचेच. थोडेसे रक्त भरपूर लाळेत मिसळले की वाटीभर रक्त गेल्यासारखे दिसते. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपवा आणि उशीवर जुना टॉवेल टाका. वजन उचलणे आणि वाकून करायची कामे त्या दिवशी घरातल्या दुसऱ्यांनी करावीत. हे मुद्दाम लिहितो, कारण दाढ काढून आलेली अम्मी तासाभरात चुलीपुढे उभी असते.

रक्त पुन्हा वाहू लागले तर घाबरू नका. बसून राहा, आडवे होऊ नका. स्वच्छ गॉज, किंवा तो नसेल तर धुतलेल्या सुती कापडाची घडी पाण्याने ओली करून पिळा आणि नेमकी खळग्यावर ठेवा. शेजारच्या दातांवर ठेवून उपयोग नाही. घड्याळ लावून २० ते ३० मिनिटे घट्ट दाबून धरा. इथेच बहुतेकांचे चुकते. दर दोन मिनिटांनी बोळा काढून "थांबले का?" म्हणून पाहिले की जमत आलेली गुठळी बोळ्यासोबत निघून येते. घरात काळ्या चहाची पिशवी असेल तर ती ओली करून, पिळून, कापडात घेऊन तशीच दाबता येते. चहातल्या तुरट द्रव्याने गुठळी बसायला मदत होते.

दुखले म्हणून कोणती गोळी?

रक्त थांबवण्याइतकेच हेही महत्त्वाचे आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्यांची मिश्रणे, म्हणजे घरात नेहमी पडून असलेली कॉम्बिफ्लामसुद्धा, रक्तस्राव वाढवू शकतात. डोके दुखते म्हणून जास्तीची ॲस्पिरिनही नको.

वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत. दाढेच्या सुजेवर सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडॅझोल, आणि तोंडातल्या बुरशीवर लावायची मायकोनॅझोलची जेली. दोन्हींमुळे आयएनआर धोकादायक वाढू शकतो, आणि मग दाढ काढून चार दिवस झाल्यावर हिरडीतून, नाकातून, लघवीतून रक्त येऊ लागते. म्हणून कोणतेही अँटिबायोटिक सुरू करताना "मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो" हे पुन्हा एकदा सांगा आणि आयएनआर पुन्हा कधी करायचा ते विचारून घ्या. या दिवसांत पालक-मेथी एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. त्यातल्या व्हिटॅमिन केने गोळीचे गणित बदलते, म्हणून रोजचे प्रमाण तेच ठेवायचे.

वुजू, नमाज आणि रोजा

हे प्रश्न आम्हाला दवाखान्यात नेहमी विचारले जातात. वुजूमध्ये चूळ भरणे सुन्नत आहे, फर्ज नाही. पहिल्या दिवशी चूळ टाळलेली बरी. गुस्लची गरज पडली तर हनफी मसलकात चूळ फर्ज मानतात. अशा वेळी पाणी हलकेच तोंडात घेऊन, न खळखळवता, डोके झुकवून सोडून द्यावे. गरारा अजिबात करू नये. रक्त झिरपत असताना वुजू राहतो की नाही, याबाबत मसलकांत फरक आहे. ते आपल्या आलिमांना विचारावे. सजद्यात डोके खाली गेल्याने ठणका आणि रक्त वाढत असेल, तर आजाऱ्याला बसून इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहेच.

रमजानमध्ये दाढ काढायची वेळ आली आणि ती थांबण्यासारखी असेल तर ईदनंतरची तारीख घ्या. पू झाला असेल, गाल सुजला असेल तर मात्र थांबू नका. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर पुरा करण्याची मुभा आहे. आणि दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सेहरी आणि इफ्तारला कशा बसवायच्या, हे रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. रोजा आहे म्हणून दुपारची गोळी सोडून दिली, असे होऊ नये. हज किंवा उमऱ्याला निघणाऱ्या बुजुर्गांनी दोन महिने आधीच दात दाखवावेत. घरापासून इतक्या दूर, गर्दीत, दाढ काढायची वेळ न आलेली बरी.

लगेच दवाखान्यात कधी जायचे?

अर्धा-अर्धा तास दोनदा नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, तोंड रक्ताने भरून येत असेल, किंवा खळग्यावर मोठा, काळपट, लिबलिबीत गोळा तयार होऊन त्याच्या कडेने रक्त झिरपत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. तो गोळा घरी ओढून काढू नका. डॉक्टर तो साफ करून पुन्हा दाबतात, टाके घालतात. जिभेखाली किंवा मानेवर सूज चढत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना अडत असेल, चक्कर येत असेल, अंग गार आणि घामट पडले असेल, तर मोठ्या इस्पितळातच जा, दातांच्या दवाखान्याची वाट पाहू नका. चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना, बोलणे अडखळले किंवा छातीत कळ आली, तर एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा, आणि गोळ्यांचा तो कागद सोबत घ्या.

आता मुळातली गोष्ट. दाढ काढायची वेळच येऊ नये, याची काळजी गोळी घेणाऱ्याने इतरांपेक्षा जास्त घ्यायला हवी. अनेकजण हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश किंवा मिसवाक करणेच सोडून देतात. त्याने दातांवर घाण साचते, हिरड्या सुजतात, रक्त आणखी येते आणि शेवटी दात हलू लागतो. मऊ ब्रश किंवा नीट चावून मऊ केलेली मिसवाक हलक्या हाताने दोन वेळा वापरा आणि दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या. कीड लहान असतानाच भरून घेतली की दाढ वाचते, आणि गोळी बंद करायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

हा अंक वाचून झाला की घरातल्या औषधांचा डबा एकदा उघडा. अब्बा, अम्मी, दादी, नाना, ज्यांच्या ज्यांच्या नावाच्या या गोळ्या त्यात असतील, त्यांचा तो कागद आजच लिहून ठेवा.